मशीन बाईच्या हातात होतं

"हात कसा मोडला ते मले माहीत आहे, मॅडम," वनिताताई म्हणाल्या. "काहून मोडला, ते सांगा."

त्यांनी प्लास्टर घातलेला उजवा हात आमच्या काउंटरवर ठेवला. कोपरापासून बोटांच्या मुळापर्यंत पांढरं, नवंकोरं प्लास्टर. बोटं सुजलेली होती. उन्हातून आल्यामुळे चेहरा लाल झाला होता. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

मी लकडगंजमधल्या एका पॉवर टूलच्या दुकानात सर्व्हिस इंजिनिअर आहे. आम्ही मशीन विकतो, रिपेअर करतो आणि भाड्यानं देतो. भाड्यानं जाणारं मशीन कसं चालवायचं, हे गिऱ्हाइकाला दाखवणं माझं काम. मागचं रिपेअरचं टेबल शंकरकाका सांभाळतात. दुकान मनोजभैयांचं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, कॉलेजही सगळं इंग्लिशमध्ये. त्यामुळे इथे पहिले काही महिने मी फारसं बोललेच नाही. लोकांना वाटायचं मला मराठी येत नाही. मी ते खोडून काढलं नाही. गप्प बसणाऱ्यासमोर लोक बरंच बोलतात.

उन्हाळा म्हणजे आमचा सीझन. नागपुरात कूलर माळ्यावरून उतरला की त्याला खिडकीबाहेर लोखंडी स्टँड लागतो. स्टँडला भिंतीत बोल्ट लागतात, बोल्टला भोकं लागतात आणि भोकं पाडणारा फिटर या दिवसांत फोन उचलत नाही. मग लोक आमच्याकडे येतात आणि रोटरी हॅमर घेऊन जातात.

रोटरी हॅमर म्हणजे घरातल्या साध्या ड्रिलचा मोठा भाऊ. साधं ड्रिल नुसतं फिरतं. काँक्रीटसमोर ते रडतं. रोटरी हॅमरमध्ये पुढचा बिट, म्हणजे भोक पाडणारी दांडी, फिरतोही आणि आतला पिस्टन त्याला मागून ठोकेही देत राहतो. त्यामुळे काँक्रीटमध्ये ते सहज घुसतं. हाताला तेवढा जोर लावावा लागत नाही. म्हणूनच लोकांना ते सोपं वाटतं.

वनिताताई मला लक्षात होत्या. कामठीच्या. आरी वर्क करतात, म्हणजे कापड फ्रेमवर ताणून आकडीच्या सुईनं ब्लाउजवर बारीक भरतकाम. लग्नसराईत त्यांच्याकडे नवऱ्या मुलींचे ब्लाउज पडलेले असतात. मशीन न्यायला त्या एकट्या आल्या होत्या. सगळे जण मशीन सुरू कसं करायचं ते विचारतात. त्यांनी पहिला प्रश्न विचारला होता, "बंद कसं करायचं ते आधी दाखवा." मी दाखवलं. साइड हँडल कसं घट्ट करायचं, पाय कसे ठेवायचे, ट्रिगरशेजारचं लॉकचं बटण का दाबायचं नाही, गॉगल का. त्यांनी प्रत्येक गोष्ट स्वतः करून पाहिली. दुकानात तेव्हा दोन कंत्राटदार उभे होते. ते हसत होते. वनिताताईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही, मीही नाही.

आता त्या हाताला प्लास्टर घालून समोर उभ्या होत्या.

मी काही बोलायच्या आत मनोजभैया खुर्चीतून म्हणाले, "ताई, मी तर तवाच म्हटलं होतं. मिस्टरला पाठवा. ये औरतों के बस का काम नहीं है."

मागून शंकरकाकांनी भर घातली. "ते काही लाटणं नोहे बाप्पा."

"माझे मिस्टर तेच म्हणून राहिले," वनिताताई म्हणाल्या. "सासूबाई तेच म्हणून राहिल्या. प्लास्टर लावणारा पोरगा तोंड ओळखत नव्हता माझं, तोही तेच म्हणाला. कालपासून सगळ्याइचं ऐकून घेतलं. मग म्हटलं, जिनं शिकवलं तिलेच विचारून येते. माझ्याकडून चुकलं असन तर चुकलं म्हणा. पण काय चुकलं ते सांगा."

मी विचारलं, "तुम्ही कशा उभ्या होत्या, दाखवता?"

त्यांनी पाय फाकवले. डावा थोडा पुढे. डावा हात हवेत, साइड हँडलवर असावा तसा मुठीत. प्लास्टरचा हात मागच्या मुठीवर. कोपर अंगाजवळ. मी शिकवलं होतं त्यापेक्षा नीट.

"पायात?"

"पोराचे शाळेचे बूट. गॉगल होता. स्टुलावर नाही, लोखंडी घोड्यावर, घडीच्या शिडीवर, उभी होती, सासूबाईनं घोडा धरला होता. दोन भोकं मस्त पडली. तिसऱ्याच्या वेळेस आवाज बदलला. टण् टण् करत होतं."

"सळई."

"हाव, मी समजली. तुम्ही म्हटलं होतं न, सळई लागली तर मशीन टर्रर्र करते आणि बिट जागेवर थांबते, मग घाबरायचं नाही, बोट सोडायचं. मी टर्रर्रची वाट पाहून राहिली होती. तेवढ्यात गरकन फिरलं. बिट थांबला आणि अख्खं मशीनच फिरलं, माझ्या हातासकट." त्यांनी प्लास्टर पुढे केलं. "टर्र झालंच नाही, मॅडम."

इथे दोन मिनिटं थांबून क्लच समजावून सांगावा लागेल, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

काँक्रीटच्या आत लोखंडाच्या सळया असतात. खिडकीच्या वरच्या बीममध्ये आणि बाजूच्या कॉलममध्ये तर हमखास. बिट सळईत अडकला की तो फिरायचा थांबतो. पण मोटरला हे कळत नाही. ती फिरवतच राहते. बिट फिरत नाही म्हटल्यावर दुसऱ्या बाजूला जे आहे ते फिरतं, म्हणजे मशीन. मशीन ज्यानं धरलंय त्याचं मनगट. हे इतक्या लवकर होतं की बोट सोडायला वेळ मिळत नाही. म्हणून आत सेफ्टी क्लच असतो. दात असलेल्या दोन चकत्या, एका स्प्रिंगनं एकमेकींवर दाबलेल्या. बिट अडकला की स्प्रिंग थोडी दबते, दात एकमेकांवरून घसरतात, टर्रर्र आवाज येतो. मोटर फिरत राहते आणि झटका हातापर्यंत येत नाही. मनगट आणि मोटर यांच्यामध्ये तेवढी एक स्प्रिंग असते.

टर्र झालं नाही, म्हणजे स्प्रिंगनं काम केलं नाही.

"ते मशीन कुठे आहे?" मी विचारलं.

"सकाळीच वापस आलं," मनोजभैया म्हणाले. "ताईचे मिस्टर देऊन गेले. मी चालू करून पाहिलं, एक नंबर चालते. संध्याकाळी दुसऱ्या पार्टीला जायचं आहे. राहू दे."

मी रॅकवरून मशीन उचललं आणि शंकरकाकांच्या टेबलावर ठेवलं.

"माझ्या टेबलाले हात कोण लावून राहिलं?" काका म्हणाले.

मी पेचकस घेतला. स्क्रू काढले. पुढचं कव्हर वेगळं केलं. आत काळं झालेलं ग्रीस होतं. ते कपड्यानं पुसलं आणि क्लच बाहेर काढला.

स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये फट असते. फट असते म्हणूनच ती दबू शकते. या स्प्रिंगमध्ये फट नव्हती. वेढे एकमेकांना चिकटून बसले होते. तिच्या मागे एक जाड वॉशर होता, चकचकीत. बाकी सगळे पार्ट झिजलेले आणि हाच एक नवा. कंपनीच्या मशीनमध्ये त्या जागी असा वॉशर नसतो. तो टाकल्यावर स्प्रिंग आधीच पूर्ण दबलेली. आता आणखी दबायला जागा नाही, म्हणून दात घसरणार नाहीत. क्लच होता, पण तो नसल्यासारखाच.

"काका, हे काय आहे?"

"पॅकिंग."

"कशाला?"

"मशीन फिसलून राहिली होती." काकांना लपवण्यासारखं काही वाटलं नाही. "गिऱ्हाईक वापस आणते, म्हणते काका, दम नाही मशीनमधी, टर्र टर्र करते. नवा क्लच सेट मागवला तर सीझन संपल्यावर येते. मग काय करू? टाकला वॉशर. आता म्हणते का कोणी दम नाही म्हणून?"

"टर्र टर्र करणं हेच त्याचं काम आहे, काका."

"तुमच्या पुस्तकात असन."

"अशी किती मशीनं आहेत?"

"भाड्याचीच. विकाच्या मालाले मी कायले हात लावू?"

भाड्याची सगळी. मी वनिताताईंकडे वळले. त्या टेबलाजवळ येऊन तो वॉशर बघत होत्या. त्यांनी तो डाव्या हातात घेतला, उलटसुलट केला. बांगडीच्या दुकानात बांगडी बघावी तसा.

"याच्यानं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"माझ्या धरण्यानं नाही?"

"नाही. तुम्ही नीट धरलं होतं."

मनोजभैया खुर्चीतून उठले. "बेटा, गिऱ्हाइकासमोर असं नाही बोलत. क्लच बीच सब ठीक है. ताई, थोडी ताकद लागते त्याला. तुमच्या मिस्टरला दिलं न दुसरं मशीन. ते करतीन बरोबर."

मला तेव्हा कळलं. "दुसरं दिलं? भाड्याचंच?"

"तर काय विकाचं देऊ?"

"वनिताताई, तुमचे मिस्टर आत्ता कुठे आहेत?"

"घरी," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा बदलला. "राहिलेली भोकं पाडून राहिले. मले म्हणाले, तू ये जाऊन दुकानात भांडून, तोवर दाखवतो माणसाच्या हातानं कसं होते."

"फोन लावा."

त्यांनी लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला.

"नाही उचलणार. मशीन चालू असन. तसंही लूमवाल्याइले कमी ऐकू येते." त्यांचे मिस्टर, प्रमोदभाऊ, पॉवरलूम चालवतात. दिवसभर त्या खटाखटीत राहिल्यानं तिथल्या लोकांचे कान जातात.

"अरे, त्याला काय होते?" मनोजभैया म्हणाले. "वो आदमी है, पकड़ लेगा."

मला राग आला की माझा आवाज बारीक होतो. शाळेत असताना मैत्रिणींना वाटायचं मी रडते आहे. त्या दिवशीही बारीकच झाला. पण दुकान गप्प झालं होतं, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं.

"मोटरला माहीत नसतं ती कोणाच्या हातात आहे," मी म्हटलं. "पहिलवान धरो की बाई. ज्यानं जास्त घट्ट धरलं त्याला जास्त लागतं. यांचं नशीब, सासूबाईंनी घोडा धरला होता. नाहीतर खाली पडल्या असत्या. सकाळी यांचा हात मोडल्याचं तुमच्या कानावर आलं. तुम्ही मशीन उघडून पाहिलं नाही. तसंच दुसरं उचलून त्याच घरात दिलं. का? तर पहिलं बाईच्या हातात होतं म्हणून."

"आवाज खाली, बेटा."

माझा आवाज खालीच होता. मी विक्रीच्या शेल्फवरून नवं मशीन काढलं, बॉक्ससकट. यात काकांचा वॉशर नव्हता. भैया म्हणाले, ते विकायचं आहे, सील तोडू नको. मी सील तोडलं. साइड हँडल आहे का ते पाहिलं.

"तुझ्या जिम्मेदारीवर नेऊन राहिली तू."

"नाही. तुमच्या. मशीन तुम्ही दिलंय." हे वाक्य मी आजवर कोणालाच म्हटलं नव्हतं. आता म्हटलं ते बरं झालं.

बॉक्स स्कूटीवर पायाशी ठेवला. वनिताताई मागे बसल्या, प्लास्टरचा हात माझ्या पाठीशी. कामठी रोडवर त्या वेळी वारा नसतो, भट्टीचं झाकण उघडावं तशी हवा असते. मी तोंडाला स्कार्फ बांधला होता, त्यांनी पदर. सिग्नलला थांबलो की त्या फोन लावत होत्या. उचलला जात नव्हता.

"पडला तर काय करू वं, मॅडम," त्या एकदा म्हणाल्या. "माझा हात असा. त्याचा गेला तर घरात हात कोणाचा चालन? सासूबाईचा?"

मी जोरात चालवत होते. वेग आणखी वाढवला.

त्यांची गल्ली लूमच्या आवाजानं भरलेली होती. त्या खटखटीतूनही रोटरी हॅमर वेगळा ऐकू येत होता. म्हणजे भोक चालू होतं. म्हणजे प्रमोदभाऊ अजून धड होते.

घराच्या बाजूच्या बोळात ते दिसले. पुढचं दृश्य मी जसंच्या तसं सांगते. प्लास्टिकचं स्टूल. त्याचा एक पाय खचलेला, त्याखाली विटेचा तुकडा. पायात बाथरूमच्या चपला. डोळ्यावर काही नाही, डोळे बारीक केलेले, भिवयांवर सिमेंटची पांढरी पूड. कूलर खाली उतरवून त्याचा पंप तपासला होता, त्यामुळे जमीन ओली, आणि एक्स्टेंशन बोर्ड त्या ओल्यावरच पडलेला. साइड हँडल काढून बॉक्सवर ठेवलेलं. ते आड येत होतं, असं त्यांनी नंतर सांगितलं. एक हात मशीनवर, दुसऱ्या हातानं खिडकीची ग्रील धरलेली. आणि आदल्या दिवशी ज्या माणसांनी वनिताताईंना सांगितलं की तुला धरता आलं नाही, त्यात हा माणूस पहिला होता.

"अहो!" वनिताताई ओरडल्या. त्यांना ऐकू गेलं नाही. त्या धावत त्यांच्याकडे निघाल्या, डावा हात पुढे करून.

मी त्यांचा खांदा धरून मागे ओढलं. "हात लावू नका."

चालू मशीन हातात असलेल्या माणसाला मागून कधीही हात लावायचा नाही. तो दचकतो, मशीनसकट वळतो. मग दोघांनाही लागतं. मशीन थांबवायचं असेल तर वीज बंद करायची. एक्स्टेंशनची वायर खिडकीतून आत गेली होती. मी आत धावले. पुढच्या खोलीत सासूबाई पंखा बंद करून भाजी निवडत बसल्या होत्या. बटणांचा बोर्ड शोधत बसण्यापेक्षा मी दाराजवळचा मेन स्विचच खाली पाडला.

बाहेरचा आवाज थांबला.

"लाइट कोणी बंद केली वं?" प्रमोदभाऊ ओरडले.

मी बाहेर आले. "मी. मशीनचा लॉक आधी काढा, भाऊ. नाहीतर लाइट आल्यावर ते आपोआप सुरू होईल."

त्यांनी मशीनकडे पाहिलं. ट्रिगरचं बटण लॉक केलेलंच होतं. त्यांनी ते सोडवलं आणि खाली उतरले. स्टूल डगमगलं.

"तुम्ही कोण?"

"दुकानातून. हे मशीन खराब आहे. परत न्यायला आले."

"खराब? मस्त चालून राहिली. हे पाहा, दोन भोकं." त्यांनी बोट दाखवलं. "आता हिचं राहिलेलं करणार होतो. मुद्दामच मागं ठेवलं होतं. म्हटलं ती आली की तिच्यासमोर पाडतो."

"हिचं" म्हणजे सळईवालं. त्यातच वनिताताईंचं मनगट गेलं होतं. तिथे ते पोचले नव्हते, कारण बायको घरी यायची वाट बघत होते.

मी क्लच समजावला. वॉशर खिशात आणला होता, तो दाखवला. लूमवर काम करणाऱ्या माणसाला स्प्रिंग समजावून सांगावी लागत नाही. त्यांनी तो हातात घेतला आणि लगेच म्हणाले, "म्हणजे सुटतच नाही."

"सुटत नाही."

"म्हणजे हिनं ढिलं पकडलं होतं, असं नाही?"

"तुमच्यापेक्षा चांगलं पकडलं होतं," मी म्हटलं. मग थांबता आलं नाही. "त्यांनी बूट घातले होते. तुम्ही चपला. त्यांनी घोडा घेतला, तुम्ही विटेवरचं स्टूल. त्यांनी दोन्ही हात मशीनवर ठेवले होते. तुमचा एक ग्रीलवर आहे. तुम्ही हँडल काढून टाकलंय, बटण लॉक केलंय, आणि वायर पाण्यात आहे. त्यांचं सगळं बरोबर होतं तरी हात मोडला. तुमचं सगळं चूक आहे. सळई लागली नाही म्हणून तुम्ही उभे आहात."

प्रमोदभाऊंनी पायातल्या चपलांकडे पाहिलं. खिडकीतून सासूबाई म्हणाल्या, "मी सांगितलं होतं त्याले, चपला काढ म्हणून."

"चपला काढून अनवाणी पण नाही, आजी," मी म्हटलं. "बूट."

प्रमोदभाऊंना अजून पटलं नव्हतं, हे दिसत होतं. मी नवं मशीन काढलं. साइड हँडल लावून घट्ट केलं. घोडा आणायला लावला, बूट, गॉगल. एक्स्टेंशन बोर्ड उचलून ग्रीलला कोरड्या जागी टांगला. मेन वर केला. मग त्यांना म्हटलं, "हे घ्या. त्याच भोकात ठेवा. दोन्ही हात. जोर लावू नका, नुसतं टेकवा. आवाज आला की बोट सोडा."

"आवाज म्हणजे?"

"कळेल."

वनिताताईंनी डाव्या हातानं घोडा धरला. मी नको म्हटलं, तरी सोडला नाही.

बिट आत गेला. आधी काँक्रीटचा भरभरीत आवाज. मग टण् टण्. प्रमोदभाऊंचे खांदे वर गेले. आणि मग टर्रर्रर्र. बिट जागच्या जागी थांबला. मशीन त्यांच्या हातात थरथरलं आणि तिथेच राहिलं. त्यांनी बोट सोडलं.

मग न सांगता पुन्हा एकदा टेकवलं. पुन्हा टर्रर्र. पुन्हा सोडलं.

"एवढंच?" ते म्हणाले.

"एवढंच होते," वनिताताई खालून म्हणाल्या. "एवढंच व्हायले पाहिजे होतं. मी तेच सांगून राहिली कालपासून. का टर्र झालंच नाही. तुम्ही म्हटलं, तुले काय समजते मशीनमधलं."

प्रमोदभाऊ घोड्यावरून उतरले. प्लग काढला. मशीन आडवं ठेवलं. बायकोच्या प्लास्टरकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"चहा ठेवतो," ते म्हणाले आणि आत गेले.

"साखर बेतानं टाकजा!" वनिताताईंनी मागून सांगितलं. मग माझ्याकडे वळून हळू म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून पहिला चहा. याच्यापेक्षा मोठी माफी नाही येत या घरात."

सळई लागलेल्या जागी पुढे भोक पाडायचं नसतं. सळई कापली तर बीम कमजोर होतो. स्टँडच्या पट्टीला शेजारी दुसरं छिद्र होतं. तिथे मी खूण केली, जरा बाजूला सरकून. भोक प्रमोदभाऊंनीच पाडलं. मी पाडू शकले असते. पण त्यांनी ते वनिताताईंच्या समोर, बूट घालून, दोन्ही हातांनी पाडणं मला जास्त गरजेचं वाटलं. चहा फार गोड होता.

दुकानात परत आले तेव्हा मी प्रमोदभाऊंकडून परत आणलेलं मशीन सगळ्यांसमोर उघडलं. तसाच वॉशर. शंकरकाका म्हणाले, "मी सांगितलंच होतं, सगळ्यात आहे." त्यांना वाटत होतं मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही.

मनोजभैयांना मी दोन गोष्टी सांगितल्या. बाहेर गेलेली भाड्याची सगळी मशीनं आजच परत मागवायची. आणि वनिताताईंना मी खरं सांगितलंय, त्यांनी कुठे तक्रार केली आणि मला बोलावलं तर तिथेही हेच सांगेन.

दुसरी गोष्ट त्यांना पहिलीपेक्षा लवकर समजली. त्यांनी फोन लावायला घेतले. मी शेजारी उभी होते म्हणून ऐकलं. प्रत्येकाला ते म्हणत होते, "भाऊ, सर्व्हिसिंग ड्यू आहे मशीनचं, जरा आणून द्या. बस, रूटीन आहे." एकालाही त्यांनी सांगितलं नाही की काम थांबवा, हात मोडेल. एका माणसानं तर विचारलं, उद्या आणलं तर चालेल का, आज दोन भोकं राहिली आहेत. भैया म्हणाले, चालेल. मी त्यांच्या हातातून फोन घेतला. आजवर मी गिऱ्हाइकांना स्वतःहून फोन करायचं टाळत होते. त्यानंतरचे सगळे फोन मी केले. सगळ्यांना खरं कारण सांगितलं. दोघांनी मला शिव्या दिल्या. एकानं विचारलं, दुकानात कोणी माणूस नाही का बोलायला. पण मशीनं आली. वॉशर निघाले. नवे क्लच सेट येईपर्यंत भाड्याचं शेल्फ रिकामं राहिलं. सीझन होता, तरी राहिलं.

शंकरकाका अजूनही म्हणतात की मशीनमध्ये आता दम नाही. गिऱ्हाइकांना मी टर्रर्र म्हणजे काय ते दाखवते, मगच मशीन देते.

हे इथेच संपलं असतं तर मला आज एवढा राग नसता. पुढच्याच आठवड्यात मी दुकानात आले तर काउंटरच्या वर नवा बोर्ड होता. लाल अक्षरांत. महिलांना ड्रिल मशीन भाड्याने मिळणार नाही.

"हे काय?" मी विचारलं.

"सेफ्टी," मनोजभैया म्हणाले. त्यांना खरंच वाटत होतं मी खूश होईन. "तूच म्हणून राहिली होती न, सेफ्टी पाहिजे म्हणून."

मी स्टूल ओढलं, बोर्ड उतरवला आणि रॅकमागे ठेवला. त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. मी पुन्हा उतरवला. आम्ही दोघंही यावर बोलत नाही. हे लिहीत असताना बोर्ड रॅकमागे आहे.

तुम्ही घरी रोटरी हॅमर आणणार असाल तर बूट, गॉगल, दोन हात आणि साइड हँडल, हे सगळं कराच. पण मशीन घेताना दुकानदाराला एक प्रश्न विचारा, क्लचला कोणी हात लावलाय का. तो हसला तर दुसऱ्या दुकानात जा. आणि कोणाचा हात मोडला, तर तो हात बाईचा होता की माणसाचा हे विचारण्याआधी स्क्रू काढा आणि मशीन उघडून पाहा.